बाहेरची कडी

ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच हातात तक्रारीचा अर्ज नेऊन देणारा आणि वर "पोच मिळेल का, साहेब?" असं अदबीनं विचारणारा माणूस या पृथ्वीवर एकच झाला असावा. तो मी. लोक आपल्या पराक्रमांच्या गोष्टी सांगतात. माझ्याकडे पराक्रम नाहीत, तेव्हा आहे तो माल मांडतो.

मुंबईत अकरा वर्षं मी एका कचेरीत कारकून होतो. कारकुनाच्या रक्तात काही गोष्टी मुरतात, त्यातली एक अशी की अर्ज कितीही वरच्या साहेबाकडे जायचा असो, तो आधी आपल्या साहेबाच्या हातून गेला पाहिजे. त्याला आम्ही 'थ्रू प्रॉपर चॅनेल' म्हणायचो. पोटात दुखत असलं तरी प्रॉपर चॅनेलनं दुखावं, असं आमचं वळण. बासष्ट साली बायकोला घेऊन इस्राएलला आलो तेव्हा सामानात दोन गाद्या, तांब्याची भांडी, आईनं दिलेलं प्रार्थनेचं पुस्तक आणि एक इंग्रजी टाइपरायटर होता. बायको म्हणाली होती, "हे लोढणं कशाला? तिथं इंग्रजी कोण वाचतंय?" मी म्हणालो, "अर्ज लिहिणारा माणूस कुठंही उपाशी मरत नाही." उपाशी मेलो नाही हे खरं. पेताह तिक्वापासून बसनं अर्ध्या तासावर एका संत्र्यांच्या बागेत मला काम मिळालं. मुंबईत कागदावर लिहीत होतो, इथं कागदात संत्री गुंडाळू लागलो.

राहायला मिळाली ती एक लांबलचक बैठी बराक. ओळीनं बारा खोल्या, एका टोकाला सगळ्यांचं मिळून स्वयंपाकघर, दुसऱ्या टोकाला न्हाणीघर आणि संडास. बारापैकी नऊ खोल्यांत आमचीच मराठी यहुदी माणसं, मुंबई, ठाणे, अलिबाग पट्टीतली. हे सगळं तात्पुरतं, फ्लॅट तयार झाले की हलवू, असं ऑफिसातले लोक सांगत. फ्लॅट कधी, असं विचारलं की म्हणत, "सव्लानुत." म्हणजे सबुरी. हा शब्द आम्हाला पहिल्या आठवड्यातच पाठ झाला, कारण दुसरा कुठला शब्द आमच्यापुढे कोणी खर्चच करत नव्हतं.

बराकीवर एक व्यवस्थापक नेमलेला होता. तोही आमच्यातलाच, मूळचा पुण्याचा. आमच्या आधी दहा वर्षं आलेला, त्यामुळे हिब्रू पाण्यासारखी. खाकी शर्ट, काळा चष्मा, गळ्यात शिट्टी. स्वयंपाकघरात कोणाची स्टोव्हची पाळी संपली की शिट्टी, नळावर गर्दी झाली की शिट्टी. आम्ही त्याला साहेब म्हणत असू. ऑफिसातून कोणी आलं, डॉक्टर आला, शाळेचा माणूस आला की आमच्या वतीनं तोच बोले. आमची जीभ त्याच्या तोंडात होती, आणि तोंड त्याचं असल्यामुळे काय चावायचं आणि काय गिळायचं तेही तोच ठरवी. आम्हाला याचा अभिमान होता हो! "बघा, व्यवस्थापक आपला माणूस आहे." परक्याच्या हातची थप्पड लागते, आपल्या माणसाची शाबासकीसारखी वाटते, इतके आम्ही शहाणे.

साहेबानं बराकीची कमिटी काढली आणि मला सेक्रेटरी केलं. पात्रता, टाइपरायटर. माझी छाती दोन इंच फुगली. साहेब म्हणाला, "सेक्रेटरी, नियम करा." मी चौदा नियम केले. कपडे कुठं वाळत घालावेत, मासळी कुठं साफ करावी, रेडिओ किती वाजेपर्यंत. पण माझं खरं रत्न म्हणजे अकरावा नियम. तो मला आजही शब्दशः आठवतो, कारण लाज वाटलेली गोष्ट माणूस विसरत नाही:

'वयस्क रहिवाशांच्या सुरक्षिततेस्तव, आवश्यक वाटल्यास, त्यांच्या खोलीचे दार योग्य प्रकारे बंद ठेवण्याची व्यवस्था करण्यात येईल.'

कोणाला आवश्यक वाटल्यास? बंद ठेवणार कोण? योग्य प्रकारे म्हणजे कसं? या वाक्यात माणसाचा कुठं मागमूस नाही. मला वाटलं, काय भारदस्त उतरलंय! बायकोला वाचून दाखवलं. ती वांगी चिरत होती. म्हणाली, "यात कोण काय करणार ते कळलं नाही." मी म्हणालो, "तुला कायद्याची भाषा कळत नाही."

हा नियम ज्यांच्यासाठी केला त्या म्हणजे सात नंबरच्या मावशी. अलिबागजवळच्या एका गावच्या, वय सत्तरीचं, एका डोळ्यात मोतीबिंदू. मुलगा हैफाला बंदरात कामाला, दोन महिन्यांतून एकदा येई, आणि मोठी खोली मिळाली की तुला नेतो म्हणून जाई. मावशी सगळ्यांच्याच मावशी होत्या. बराकीत कोणाच्या पोराला गोवर आला, कोणाची भाकरी थापताना फाटली, की मावशी. एकदा त्यांच्या हातून स्टोव्ह भडकला आणि एक फडकं जळलं. फडकं! साहेबानं मात्र असं तोंड केलं की जणू अख्खा देश थोडक्यात वाचला. "सेक्रेटरी, तुमचा अकरावा नियम आता लागू करू." माझा नियम लागू होणार! मी धावत गेलो.

मावशींच्या दाराला आतून कडी होती. साहेबानं ती उचकटली आणि दाराच्या बाहेरच्या अंगाला बसवायला घेतली. मी शेजारी हाताच्या ओंजळीत स्क्रू धरून उभा, पुजाऱ्यासारखा. मावशी खाटेवर बसून बघत होत्या.

"पोरा, कडी बाहेर कशी रे?"

"सुरक्षिततेसाठी, मावशी."

"कोणाच्या?"

उत्तर नसलं की कारकून जे म्हणतो तेच मी म्हणालो, "नियम आहे."

महिनाभर काही कानावर आलं नाही. दिवसा मी बागेत, बायको सकाळी एका घरी कामाला आणि त्यानंतर नव्या लोकांसाठीच्या हिब्रूच्या वर्गाला. त्या वर्गाला मलाही बोलावलं होतं. मी गेलो नाही. ज्याला इंग्रजी येतं त्यानं पोरांसारखं बाकावर बसून 'ही खुर्ची, हे टेबल' म्हणायचं? एक दिवस वर्ग लवकर सुटला आणि बायको दुपारी दोनला घरी आली. बराकीत शुकशुकाट. कुठून तरी टक् टक् असा आवाज येत होता, डब्यावर चमच्यानं मारल्यासारखा. आवाज सात नंबरमधून. बाहेरून कडी.

हे मला संध्याकाळी कळलं. माझं ताट उचलताना बायको म्हणाली, "साहेब मावशींना रोज दुपारी एक ते चार कोंडतो. आरडाओरड केली की दंड पिरगाळतो. संडासला जायला मिळत नाही त्यांना."

"छे, साहेब असं करणार नाही," मी म्हणालो. "काहीतरी गैरसमज असेल."

"तो गैरसमज मी दुपारीच फडक्यानं पुसून आले," बायको म्हणाली. "दोन बादल्या पाणी लागलं."

आम्ही सात नंबरमध्ये गेलो. मावशींनी लुगड्याचा पदर दंडावर ओढून घेतला होता. बायकोनं तो हलकेच सारला. चार बोटांचे निळे वळ, आणि पाचव्याचा, अंगठ्याचा, मागच्या बाजूला. मोजायला बरे पडावेत असे स्पष्ट. एका जागी कातडंही सोललं होतं. दुपारी झोपेची वेळ असते, कोणी आवाज करायचा नाही, आणि म्हातारीनं भांडं पाडलं की साहेबाची झोप मोडते. एवढाच गुन्हा. सुरक्षितता ती ही, त्याच्या झोपेची.

"बोलू नका हं कुठं," मावशी म्हणाल्या. "तो बोलला, तक्रार केलीस तर डोकं फिरलंय असं लिहून लांबच्या आश्रमात टाकीन. तिथं मराठी बोलणारं कुत्रंसुद्धा नाय. मी मरताना पाणी मागेन, तर ते माझ्याकडं बघत बसतील."

मारापेक्षा त्यांना ती भीती मोठी होती. इथं निदान 'मावशी' अशी हाक तरी ऐकू येत होती.

मी पेटलो. पेटलो म्हणजे, शनिवारी शब्बाथच्या प्रार्थनेनंतर पाच प्रतिष्ठित माणसांची बैठक बोलावली. आमच्या जमातीत प्रतिष्ठित माणसांचा कधीही तुटवडा नसतो. त्या दिवसांत आम्ही पुरते यहुदी आहोत की नाही यावर देशातले मोठमोठे लोक खल करत होते, आमच्या लग्नांवर शंका काढत होते, आणि आमचे हे पाचही जण रोज चहाच्या पेल्यात अपमानाचं वादळ उठवत. मला वाटलं, अन्यायाची एवढी चीड असलेली माणसं, आता उठतील!

उठले ते खुर्च्या जवळ ओढायला. एक जण म्हणाले, "आपलाच माणूस आहे तो. बाहेर गेली गोष्ट तर लोक काय म्हणतील?"

दुसरे म्हणाले, "आधीच ते आपल्याला कमी समजतात. आता आपणच दाखवायचं का, आमच्यात हेही चालतं?"

"शिवाय म्हातारी थोडी हट्टी आहेच," तिसरे म्हणाले. हे गृहस्थ मागच्याच आठवड्यात मावशींच्या हातची मासळी चाटूनपुसून गेले होते.

"साहेबाला सांगून बघू की जरा जपून," चौथे म्हणाले.

जरा जपून! म्हणजे पाचाऐवजी तीन बोटांनी. पाचवे झोपले होते. त्यातल्या त्यात तेच सभ्य.

मी बाणेदारपणे म्हणालो, "मी वरच्या ऑफिसला अर्ज लिहितो." सगळ्यांनी सुटकेचा निश्वास टाकला. अर्ज निघाला की बाकीच्यांना काही करावं लागत नाही, हे त्यांनाही मुंबईतूनच ठाऊक होतं.

अर्ज मी दोन दिवस टाइप केला, कार्बन घालून तीन प्रतींत. 'आपल्या कृपाळू निदर्शनास आणून देण्याची परवानगी घेतो' अशा अर्थानं सुरुवात, 'आपला अत्यंत आज्ञाधारक' असा शेवट, आणि मधे कुठंतरी मावशी. काय ते इंग्रजी! ज्या सात ओळींत 'साहेब म्हातारीला कोंडतो आणि मारतो' एवढंच सांगायचं, तिथं मी सव्वा पान लिहिलं. खाली मावशींचा अंगठा घेतला. त्या घाबरत होत्या. मी म्हणालो, "मावशी, माझ्यावर सोपवा. अकरा वर्षं हेच काम केलंय."

अंगावर इस्त्रीचा शर्ट चढवून निघालो. बायकोनं विचारलं, "पोस्टात?"

"नाही. साहेबाकडे."

"कुठल्या साहेबाकडे?"

"आपल्या. वर जाणारा अर्ज त्याच्यामार्फतच गेला पाहिजे. नाहीतर वरचे म्हणतील, नियम पाळला नाही, आणि परत पाठवतील."

तिच्या हातातलं लाटणं हवेत राहिलं. ती काय म्हणाली ते मी ऐकलं नाही, कारण मी निघून गेलो होतो. योग्य मार्गानं.

साहेबानं अर्ज सावकाश वाचला. मला संत्र्याचं सरबत दिलं. चष्मा काढून पुसला. म्हणाला, "इंग्रजी फक्कड आहे हो तुमचं."

मी, काय सांगू, लाजलो.

"फॉरवर्ड करतो," तो म्हणाला, आणि अर्जाच्या तळाशी पाच-सहा ओळी हिब्रूत लिहून शिक्का मारला. शिक्का बघून माझा जीव भांड्यात पडला. शिक्का म्हणजे दखल. मी पोच मागितली. त्यानं दिली. मी ती पोच घरी आणून प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली.

त्या पंधरवड्यात साहेबानं मावशींच्या दंडाला हात लावला नाही, पण कडी चालूच होती. मी सगळ्यांना सांगत फिरलो, "बघा, टरकलाय." मग ऑफिसचं पत्र आलं. मावशींच्या नावानं, हिब्रूत. मावशी ते घेऊन माझ्याकडे आल्या.

आता हिब्रू अक्षरं आम्हा सगळ्या पुरुषांना येत होती. लहानपणी कोकणातल्या आणि मुंबईतल्या प्रार्थनामंदिरांत प्रार्थना वाचून वाचून घशात बसलेली. अर्थाची भानगड कोणी शिकवली नव्हती, आणि देवाशी बोलताना तिची गरजही पडली नव्हती. मी डोक्यावर टोपी घातली, पत्र समोर धरलं आणि ठणठणीत आवाजात वाचून दाखवलं. प्रार्थनेच्या चालीवर. दुसरी चाल मला येतच नव्हती. शेजारचे गोळा झाले. एका ओळीला सवयीनं दोघंतिघं "आमेन" म्हणाले.

"अर्थ काय?" मावशींनी विचारलं.

"तुमचं नाव आहे. गुरुवार आहे. ऑफिसचा शिक्का आहे." मी पत्र घडी करून त्यांच्या हातात दिलं. "अर्थ चांगलाच असणार. गुरुवारी चौकशीला येताहेत."

मावशींनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली. खोलीत जाऊन त्यांनी रवा भाजला, शिरा केला, सगळ्या बराकीला वाटला. मी दोनदा घेतला.

बायको त्या वेळी वर्गातून परतली नव्हती. दुसऱ्या दिवशी ती मावशींना दंडावरच्या न भरलेल्या जखमेची मलमपट्टी करायला दवाखान्यात घेऊन गेली, आणि पत्र पिशवीत टाकून नेलं. माझ्या वाचनावर तिचा विश्वास नव्हता असं नाही, माझं वाचन तिला चांगलं माहीत होतं. दवाखान्यात एक नर्स होती. नर्सला तिथं 'अहोत' म्हणतात. मूळ अर्थ बहीण. बायकोला वर्गात शिकवलेली शे-दीडशे वाक्यं येत होती आणि ही बाई सावकाश बोलायची. तिनं पत्र वाचलं. मग मावशींच्या दंडाकडे पाहिलं. मग पत्र पुन्हा वाचलं.

बायको परत आली ती सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

"तुमच्या अर्जाला फळ आलंय. मावशींना गुरुवारी गाडी घ्यायला येणार आहे. आश्रमात न्यायला."

"काय?"

"पत्रातच आहे, तुमच्या साहेबानं अर्जाखाली लिहिलंय, म्हातारीला भ्रम झालाय, मला कोंडतात आणि मारतात असं बडबडते, सोबत तिचा स्वतःचा अर्ज पुरावा म्हणून जोडला आहे." तिनं पिशवी खुंटीला अडकवली. "पुरावा छान टाइप केलाय म्हणे."

मी खाटेवर बसलो. ती पुढे म्हणाली, "उद्या दुपारी दीड वाजता अहोत येणार आहे, न सांगता. तुम्ही घरी राहा. आणि कृपा करून काही लिहू नका."

संध्याकाळी सात नंबरमध्ये गेलो. मावशी पत्र्याच्या ट्रंकेत लुगडी घालत होत्या. चार लुगडी, दिव्याची वाटी, मुलाचा फोटो. मी दारात उभा राहिलो. 'चुकलं' हा तीन अक्षरी शब्द मला सव्वा पानातही लिहिता आला नसता.

मावशींनी वर पाहिलं नाही. म्हणाल्या, "शिरा गोड झालेला ना रे?"

अर्ज लिहिणाऱ्या माणसाला आयुष्यात मिळालेलं सर्वांत चोख उत्तर.

बुधवारी दीड वाजता अहोत आली. बुटकी, केस आखूड कापलेले, पायांत सँडल, हातात चामड्याची बॅग. सात नंबरला बाहेरून कडी. बायकोनं ती काढली. मावशी आत जमिनीवर भिंतीला टेकून बसलेल्या, शेजारी बांधलेली ट्रंक. अहोत आत जाणार तोच साहेब शर्टाची बटणं लावत हजर. झोप मोडली होती, पण चेहऱ्यावर हसू असं की जणू लग्नात वरमाईच उतरली. त्यानं हिब्रूत भडाभडा सुरू केलं आणि मावशींच्या वतीनं बोलायला तो त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला, नेहमीसारखा.

अहोतनं हात वर केला आणि त्याला खोलीबाहेर जायची खूण केली. तुम्ही नाही. भाषांतराला दुसरं कोण आहे?

दुसरं कोण? आता सांगा, इतकं झाल्यावर कुठल्या माणसानं तोंड उघडलं असतं? मी पुढे झालो. मला थोडी हिब्रू येते, मी म्हणालो, इंग्रजीत.

मावशी म्हणाल्या, "सांग तिला, हा मला कोंबडीसारखा कोंडतो. मुतायला सोडत नाय. दंड पिरगाळतो."

मी घसा साफ केला. समोर सरकारी माणूस, मागे साहेब. अकरा वर्षांचा कारकून माझ्या गळ्याशी येऊन बसला. मोडक्या हिब्रूत आणि इंग्रजीत मी सांगितलं ते असं, की या बाई आपले आभार मानतात, दार कधीकधी थोडं बंद असतं, आणि त्यांना किंचित गैरसोय होते.

दाराबाहेरून साहेबानं मान डोलावली. फारच चांगला दुभाषा, असं त्याला वाटलं असणार.

अहोतनं माझ्याकडे पाहिलं. मग मावशींच्या दंडाकडे. मग पुन्हा माझ्याकडे. असल्या नजरेनं ती रोज जखमेतला पू बघत असेल.

तेवढ्यात बायकोनं माझ्या दंडाला धरून मला बाहेर ओढलं, दार लोटलं आणि बाहेरून कडी घातली. आत अहोत आणि मावशी.

आतून दारावर थाप पडली. एक, दोन, मग दणदणा. अहोत काहीतरी ओरडली. साहेब कडीकडे झेपावला. बायको दाराला पाठ लावून उभी. पाच फूटही नाही ती.

"थांबा, साहेब," ती म्हणाली. "सुरक्षिततेसाठी आहे. नियम अकरा."

मी दाराला तोंड लावून इंग्रजीत अहोतची माफी मागू लागलो, आदरपूर्वक, झालेल्या गैरसोयीबद्दल. "तुम्ही गप्प बसा," बायको म्हणाली. मी गप्प बसलो. त्या वर्षभरात मी केलेलं ते पहिलं उपयोगी काम.

थापा थांबल्या. मग अहोतचा आवाज, हळू, काहीतरी विचारणारा. मग मावशींचा, मराठीत. मग अहोतचा. मग मावशींचा, लांबलचक. दोघींपैकी एकीलाही दुसरीचा एक शब्द कळत नव्हता. मधे दुभाषा नव्हता, कदाचित म्हणूनच जमलं असेल. बायकोनं कडी काढली तेव्हा अहोतचा चेहरा लालबुंद होता आणि तिनं मावशींचा हात धरलेला होता. बायकोवर ती चिडली नाही. तिनं कडीवर बोट ठेवलं आणि विचारलं, ही कोणी लावली?

साहेबानं तत्काळ माझ्याकडे बोट केलं. सेक्रेटरीनं. नियमही त्याचाच. लेखी आहे.

आणि गंमत बघा, हरामखोर खरं बोलत होता.

"अनी," मी म्हणालो. म्हणजे मी. त्या देशात स्वतःच्या अकलेनं बोललेला माझा पहिला पूर्ण सत्य शब्द. मग साहेबाकडे बोट करून, "त्यानं लावली. स्क्रू मी धरले. कोंडायचा तो." मग उरलेलं मावशी म्हणाल्या होत्या तसंच सांगितलं, कोंबडीसकट. कोंबडीचा शब्द मला येत नव्हता, तो बायकोनं पुरवला.

गुरुवारी गाडी आली नाही. अहोतनं त्याच पत्राच्या पाठीवर तिथंच उभ्या उभ्या काय लिहिलं कोण जाणे, पण ते तिनं स्वतः बसनं जाऊन दिलं, कोणामार्फत नाही. दोन आठवड्यांत साहेबाची बदली कुठल्याशा सिमेंटच्या गोदामावर झाली. शिक्षा म्हणावी तर एवढीच. तिथं त्यानं गोण्यांना शिट्ट्या घातल्या असतील. त्याच्या जागी नवा व्यवस्थापक आला, पण ती अहोत दर मंगळवारी येऊ लागली आणि एकेका म्हाताऱ्या माणसापाशी दार लावून बसू लागली, आतून. ज्याला जे सांगायचं ते तिला सांगायचं, व्यवस्थापकामार्फत नाही, आणि कमिटीमार्फत तर मुळीच नाही. आमच्या पाच प्रतिष्ठितांनी सभा भरवून, जमातीनं हे प्रकरण संयमानं हाताळल्याबद्दल, स्वतःचेच आभार मानले. झोपणारे गृहस्थ या वेळी जागे होते. सर्वांत जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या.

अकराव्या नियमावर मी जाड रेघ मारली. माझ्या अकरा अधिक दोन वर्षांच्या लेखनातली ती सर्वोत्तम ओळ.

राहिली कडी. ती मीच बसवून देणार म्हणून हट्ट धरला. शुक्रवारी लवकर सुट्टी झाली तेव्हा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन गेलो. बाहेरून काढली, आतून लावली. मावशींनी बोटांनी चाचपून पाहिलं. "पोरा, ही कडी एकीकडं आणि भोक दुसरीकडं," त्या म्हणाल्या. खरंच, अर्धा इंच खाली-वर. माझ्या सगळ्या कामासारखी, दिसायला नीट, लागायला नाही. पुन्हा काढली, पुन्हा लावली. दाराला नऊ भोकं पडली. अखेर कडी खटकन बसली.

"जा बघू बाहेर," मावशी म्हणाल्या.

मी बाहेर गेलो. आतून कडी लागली. मी दार ढकलून पाहिलं. पक्कं. समाधानानं दारावर टकटक केली.

"कोण?"

"मी, मावशी. सेक्रेटरी."

"काय काम?"

"काही नाही. स्क्रू-ड्रायव्हर आत राहिला."

आत खाट करकरली, म्हणजे मावशी आडव्या झाल्या.

"आत्ता मी झोपत्ये," त्या म्हणाल्या. "चारनंतर ये."

दोन वाजले होते. दाराबाहेर, जिथं महिनोन्महिने बाहेरची कडी होती, तिथल्या चार भोकांकडे बघत मी उभा राहिलो. बायको नळावरून बादली घेऊन येत होती. तिनं मला पाहिलं, बंद दार पाहिलं आणि न थांबता म्हणाली, "अर्ज करा."

चार वाजता परत गेलो. दोनदा टकटक केली. तिसऱ्यांदा मावशींनी दार उघडलं.